जुनी गाडी घेताना: इंजिन थंड असतानाच पाहा, आणि खुणा एकमेकींशी जुळतात का ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ वर्षं जुनी, मीटरवर सत्तर हजार किलोमीटर दाखवणारी गाडी पसंत पडली आहे. विकणारा म्हणतो, "इंजिनला अजून हात लावलेला नाही, गाडी एकदम ओके." घेणारा मेकॅनिक नाही. त्याने स्वतः काय तपासावं आणि काय जाणकारावर सोपवावं?

गाड्या दुरुस्त करण्यात आणि लोकांसाठी जुन्या गाड्या तपासून देण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. वापरलेल्या गाडीत झीज असणारच. क्लचप्लेट निम्मी संपलेली असेल, बुश ढिले असतील, टायर बदलायला आले असतील. एवढ्यावरून गाडी नाकारू नका, ते खर्चात धरता येतं. सावध व्हायचं ते खुणा एकमेकींशी जुळत नसतील तेव्हा. मीटर सत्तर हजार दाखवतंय आणि पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय. इंजिन वरून धुऊन चकचकीत आहे आणि खालून ऑइलचा जुना थर लोंबतोय. टायर चारही नवे आहेत, पण सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सोडलं की गाडी एका बाजूला जाते. अशा विसंगती ओळखायला मेकॅनिक असावं लागत नाही, सवड काढून बघावं लागतं.

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा, मग बोनेट उघडून इंजिनाजवळ हात धरा. ऊब लागली तर त्या दिवशीची तपासणी अर्धवट समजा आणि पुन्हा या. गरम इंजिन बरेच दोष झाकतं. ऑइल पातळ होऊन सगळीकडे पोचलेलं असतं, धातू प्रसरण पावून फटी कमी झालेल्या असतात, डिझेलमध्ये थंड सिलिंडर तापवणाऱ्या ग्लो प्लगचं काम उरलेलं नसतं, बॅटरी नुकतीच चार्ज झालेली असते. पहिल्या सेल्फला इंजिन कसं उठतं हे ज्याने पाहिलं नाही, त्याला त्या इंजिनाबद्दल फारसं कळलेलं नसतं.

सुरू करण्याआधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढा. ऑइल खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर गळती आहे, इंजिन ऑइल खातं आहे किंवा मालकाचं लक्ष नाही. तिन्ही महत्त्वाचं आहे. जास्त असेल तर वास घ्या. वारंवार छोट्या अंतरावर चाललेल्या डिझेल गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होण्यासाठी जादा डिझेल सोडलं जातं, ते पूर्ण जळत नाही आणि ऑइलमध्ये उतरतं. असं ऑइल पातळ होतं, पातळी वर चढते आणि बेअरिंग झिजतात. रंगाचं मात्र फार मनावर घेऊ नका. डिझेल इंजिनाचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, त्यात वावगं काही नाही. ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळसर, सायीसारखा थर दिसला की लोक घाबरतात. फक्त झाकणाखाली आणि तोही थोडा असेल तर बहुतेक वेळा तो थंडीत छोट्या फेऱ्यांमुळे साचलेल्या दमटपणाचा असतो. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल तर पाणी ऑइलमध्ये शिरलं आहे, आणि ती गाडी तिथेच सोडून द्या.

मग कूलंट. टाकीचं झाकण फक्त थंड इंजिनावर उघडायचं; गरम असताना आत दाब असतो आणि उकळतं पाणी अंगावर येतं. कूलंट स्वच्छ आणि रंगीत हवं. तांबूस गढूळ असेल तर कोणीतरी साधं पाणी भरत आलं आहे आणि आतून गंज चढलाय. त्यावर ऑइलचा तवंग असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) किंवा ऑइल कूलर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि "वरचेवर थोडं पाणी टाकावं लागतं, बाकी काही नाही" हे वाक्य ऐकलं तर ते नीट लक्षात ठेवा. कूलिंग सिस्टिम बंद असते. पाणी कमी होतंय म्हणजे ते कुठेतरी जातंय.

आता चावी फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. चेक इंजिन, ऑइल, बॅटरी, एबीएस, एअरबॅग हे सगळे दिवे लागले पाहिजेत. काही लगेच स्वतःची तपासणी करून विझतील, काही इंजिन सुरू झाल्यावर. जो दिवा मुळीच लागला नाही त्याचा संशय घ्या, कारण दोष झाकायचा सोपा मार्ग म्हणजे दिवाच निकामी करणं. एअरबॅगचा दिवा ऑइलच्या दिव्याबरोबर नेमक्या त्याच क्षणी लागत आणि विझत असेल तर त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडलेली असू शकते.

सुरू करताना एक माणूस सायलेन्सरच्या मागे उभा करा आणि तुम्ही बोनेटजवळ थांबा. सेल्फ मारायला दुसऱ्याला सांगा. पहिले चार-पाच सेकंद सर्वात मोलाचे. त्या वेळात पुढच्या बाजूने साखळी घासल्यासारखी खडखड येऊन थांबली तर टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारी साखळी) ताणलेली किंवा तिला ताण देणारा टेन्शनर कमजोर आहे. टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांची) हलकी टकटक ऑइल वर पोचेपर्यंत चालते. थांबली तर ठीक. खोल, जड ठोका रेस केल्यावर वाढत असेल तर तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. तसं असेल तर इंजिनाचं काम निघालं.

धुराकडे बघताना रंगापेक्षा तो कधी येतो हे जास्त सांगून जातं. पेट्रोल गाडीतून थंड सकाळी पांढरी वाफ येते आणि काही मिनिटांत थांबते, तिची चिंता नाही. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा, जडसर, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय. निळसर धूर ऑइलचा. सुरू करताना एकदाच निळा झोत येऊन थांबला तर रात्रभर व्हॉल्व्हच्या सीलमधून झिरपलेलं ऑइल जळालं, हे काम तुलनेने छोटं. उतारावरून गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून आल्यावर पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच निळा झोत आला तर तीच सील आणि गाइड जास्त झिजलेली आहेत. आणि जोर लावल्यावर सतत निळा धूर येत असेल तर पिस्टन रिंगा किंवा टर्बो. काळा धूर इंधन जास्त किंवा हवा कमी असल्याचा. डिझेलमध्ये इंजेक्टर, ईजीआर (जळलेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), फाटलेला टर्बोचा पाइप अशी कारणं असतात आणि त्यातली काही स्वस्तात निघतात.

डीपीएफ असलेल्या डिझेल गाडीत एक साधी तपासणी करा. सायलेन्सर थंड असताना शेवटच्या नळीत बोट फिरवा. फिल्टर काम करत असेल तर नळी आतून जवळजवळ स्वच्छ असते. बोट काजळीने काळं झालं तर फिल्टर फुटलेला आहे किंवा आतून काढून टाकलेला आहे. काढून टाकलेला फिल्टर हा पुढे कायद्याचाही प्रश्न होतो आणि परत बसवायचा खर्च मोठा असतो.

इंजिन आयडलिंगला असताना ऑइल भरायचं झाकण सावकाश सैल करा. थोडी हवा हलणं ठीक. धापा टाकल्यासारखे धुराचे झोत येत असतील तर जळलेला वायू रिंगांना चुकवून खाली उतरतोय; त्याला ब्लो-बाय म्हणतात. काही आधुनिक पेट्रोल इंजिनांत मात्र झाकण आत ओढलं जातं आणि उघडल्यावर इंजिन अडखळतं. तिथे आत ठरावीक व्हॅक्यूम ठेवलेला असतो, तो दोष नाही.

हेड गॅस्केटवर जरा थांबतो, कारण मोठी फसगत इथेच होते. गॅस्केट उडालं की पाणी आणि ऑइल मिसळतंच असं नाही. अनेकदा फक्त सिलिंडरमधला दाब कूलंटमध्ये शिरतो. अशी गाडी वीस मिनिटांच्या फेरीत काहीच दाखवत नाही आणि लांबच्या चढावर तापते. ओळखायचं असं: थंड इंजिन सुरू करून लगेच रेडिएटरचा वरचा मोठा होज (रबरी नळी) दाबून बघा. पाणी तापायच्या आधीच, एक-दोन मिनिटांत तो दगडासारखा कडक झाला तर दाब सिलिंडरमधून येतोय. टाकीत सतत, एका लयीत बुडबुडे येणं ही दुसरी खूण. शंका आली तर मेकॅनिकला रासायनिक चाचणी करायला सांगा. टाकीच्या तोंडावर निळा द्रव असलेली नळी धरून तिथली हवा त्यातून ओढतात. जळलेला वायू असेल तर निळा रंग पिवळा पडतो. पाच मिनिटांचं काम आहे आणि उत्तर स्पष्ट मिळतं.

काही इंजिनांत टायमिंग चेनऐवजी रबरी पट्टा असतो. हा टायमिंग बेल्ट बघून कळत नाही, हे मनाशी पक्कं धरा. कव्हर काढून पट्टा नवा दिसला तरी त्याचं वय कळत नाही. उत्पादकानुसार तो साधारण ६० हजार ते १ लाख ६० हजार किलोमीटर किंवा ठरावीक वर्षांनी बदलायचा असतो, आणि दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचं. आठ वर्षांची कमी चाललेली गाडी इथे अडकते: किलोमीटर झालेले नसतात, पण रबराचं वय झालेलं असतं. बहुतेक आधुनिक इंजिनांत बेल्ट तुटला की उघडे व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उघडावं लागतं. म्हणून बदलल्याची पावती दाखवली नाही तर बेल्ट, टेन्शनर, पुली आणि शक्यतो वॉटर पंप हे सगळं लगेच बदलायचं आहे असं धरून किंमत बोला. काही छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत हा बेल्ट ऑइलमध्ये भिजलेला असतो. चुकीच्या ग्रेडचं ऑइल घातलं किंवा ते वेळेवर बदललं नाही तर त्याचे कण सुटून ऑइल पंपाची जाळी बुजवतात आणि ऑइलचा दाब पडतो. अशा इंजिनात सर्व्हिसच्या नोंदी नसतील तर मी गाडी घेऊ नका असंच सांगतो.

नोंदी बघताना शिक्के मोजू नका, तारखा आणि किलोमीटर एका ओळीत लिहून काढा. दोन नोंदींमध्ये वर्षाला वीस हजार चाललेली गाडी अचानक वर्षाला दोन हजारांवर आली असेल तर का, ते विचारा. मीटर मागे केलेलं असलं तरी झीज मागे जात नाही: पेडलची रबरं, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड, स्टिअरिंगवर हात असतो ती जागा, गिअर नॉबवरचे अंक. हे सगळं मीटरशी जुळलं पाहिजे. नवं स्टिअरिंग कव्हर आणि नवी पेडल रबरं कमी चाललेल्या गाडीत कशाला लागली, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. अनेक गाड्यांत किलोमीटरची नोंद एकाहून जास्त कंट्रोल युनिटमध्ये असते. गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणाऱ्या चांगल्या स्कॅनरवर त्या आकड्यांत तफावत दिसते.

स्कॅनर ही मेकॅनिक नसलेल्या माणसाला मिळालेली मोठी मदत आहे. तो जोडायचं ओबीडी-दोनचं सोळा पिनांचं सॉकेट स्टिअरिंगच्या आसपास, डॅशबोर्डखाली असतं. अमेरिकेत १९९६ पासून, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेलला काही वर्षांनी ते बंधनकारक झालं. आठ वर्षांच्या गाडीत ते असणारच. ब्लूटूथचं साधं यंत्र आणि मोबाइल एवढ्यावर भागतं. फॉल्ट कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका. विकण्याआधी कोड पुसणं ही एका बटणाची गोष्ट आहे. पण कोड पुसले की उत्सर्जनाच्या तपासण्यांची स्थिती, ज्याला रेडिनेस मॉनिटर म्हणतात, तीही पुसली जाते आणि गाडी बऱ्याच वेगवेगळ्या परिस्थितींत चालल्यावरच ती पुन्हा पूर्ण होते. बहुतेक मॉनिटर अपूर्ण दिसले तर कोड नुकते पुसलेत किंवा बॅटरी काढलेली आहे. कोड पुसल्यापासून गाडी किती चालली हेही बहुतेक ॲपमध्ये वाचता येतं. तो आकडा दहा-पंधरा किलोमीटर असेल तर विकणाऱ्याला सरळ विचारा की काय पुसलं. पेट्रोल इंजिनात फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा, बघा. गरम इंजिनावर तो शून्याच्या आसपास हवा. सतत दहा टक्क्यांहून वर असेल तर कुठूनतरी फाजील हवा शिरते आहे किंवा इंधन पुरेसं येत नाही.

त्याच ॲपवर कूलंटचं खरं तापमान लावून ठेवा. बहुतेक आधुनिक गाड्यांचा टेंपरेचरचा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. पाणी ८० अंशांवर असो वा १०५ वर, काटा मधोमधच राहतो, म्हणजे चालक उगाच घाबरत नाही. काटा हलला तोवर उशीर झालेला असतो.

आता फेरी. किमान अर्धा तास, आणि त्यात गर्दी, मोकळा रस्ता, चढ आणि खराब रस्ता हे चारही यावेत. गाणी बंद, काचा आधी बंद मग उघड्या. शक्य तिथे स्वतः चालवा. एरवी विकणाऱ्याच्या शेजारी बसून फक्त ऐका.

क्लचसाठी मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीसच्या आसपास या आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज वाढला पण गाडी त्या मानाने पळाली नाही तर क्लच घसरतोय. न्यूट्रलला उभी असताना क्लचचं पेडल सोडल्यावर येणारी घरघर पेडल दाबताच थांबली तर गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग किंवा दुहेरी फ्लायव्हील (इंजिनाचे झटके शोषणारं, दोन भागांचं जड चाक). उलट दाबल्यावरच आवाज आला तर रिलीज बेअरिंग. दुहेरी फ्लायव्हील खराब असेल तर इंजिन बंद करताना जोराचा खडखडाट आणि झटका येतो. त्याची किंमत क्लचप्लेटपेक्षा बरीच जास्त असते, म्हणून हे विसरू नका. तिसऱ्यातून दुसरा गिअर जरा लवकर टाकून बघा. कर्र वाजलं तर गिअर अलगद जुळवणारा सिंक्रोनायझर झिजलाय. चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपोआप सुटत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागेल.

ऑटोमॅटिक गाडी थंड आणि गरम अशी दोनदा तपासा. ब्रेक दाबून एन मधून डी आणि आर टाका. सेकंदभरात, झटका न देता गिअर धरला गेला पाहिजे. गर्दीत मुंगीच्या पावलाने चालवा, कारण ड्युअल क्लच (दोन क्लच असलेल्या) गिअरबॉक्सची थरथर तिथेच जाणवते. सीव्हीटीत, म्हणजे गिअरऐवजी बेल्ट-पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, चढावर जोर लावल्यावर किंचाळल्यासारखा आवाज किंवा ओढताना थरथर ही बेल्ट-पुलीच्या झिजेची खूण. "याचं ऑइल आयुष्यभर बदलायचं नसतं" असं सांगितलं जाईल. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदलायला सांगते. ऑइल तपासता येत असेल तर ते लालसर आणि स्वच्छ हवं. तपकिरी आणि जळका वास येणारं असेल तर आतल्या क्लच प्लेट जळल्या आहेत.

बाकी भाग भराभर सांगतो. मोकळ्या जागेत स्टिअरिंग फुल लॉक करून दोन्ही बाजूंना हळू फिरवा. कट-कट आवाज आला तर चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा सीव्ही जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी घूंऽ डावीकडे किंवा उजवीकडे वळताना बदलली तर व्हील बेअरिंग. न बदलता तशीच राहिली तर बहुधा टायर. खड्ड्यात एक कोरडा ठोका येत असेल तर लिंक रॉड किंवा बुश, हे स्वस्तातलं काम. ब्रेक मारल्यावर पेडल थरथरलं तर डिस्क असमान झिजली आहे, गाडी एका बाजूला ओढली तर ब्रेक पॅड दाबणारा कॅलिपर अडकतोय. सुरक्षित जागी एकदा जोरात ब्रेक मारून एबीएस जागा होतो का ते बघा. फेरी संपल्यावर चारही चाकांजवळ हात धरा, रिमला टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये.

परत आल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. एसी लावून दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवा. पंखा सुरू होऊन बंद झाला पाहिजे, तापमान चढत राहता कामा नये, आणि पूर्ण गरम इंजिनाच्या आयडलिंगला ऑइलचा दिवा क्षणभरही मिणमिणता कामा नये. मिणमिणला तर ऑइलचा दाब कमी आहे. सेन्सर खराब असू शकतो, पण मेकॅनिकने गेज लावून दाब मोजेपर्यंत "सेन्सरच असेल" हे मान्य करू नका. मग बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करा. थंड असताना सहज सुरू झालेली गाडी गरम असताना कुरकुरत असेल तर सेल्फ, क्रँक सेन्सर, किंवा डिझेलमध्ये गळणारे इंजेक्टर तपासावे लागतात. शेवटी गाडी पुढे घेऊन ती उभी होती तिथे जमीन बघा. एसीचं स्वच्छ पाणी चालेल, रंगीत किंवा तेलकट काही नको.

टायर नुसते जुने-नवे म्हणून बघू नका, ते कसे झिजलेत ते बघा. आतली कड जास्त झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय, आणि अलाइनमेंट जमतच नसेल तर चेसिस वाकल्याची शक्यता उरते. टायरवर ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉकॲब्सॉर्बर गेलेत. कडेच्या चार अंकी कोडमध्ये तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

अपघाताच्या खुणांसाठी बोनेट आणि डिकीच्या आतली बाजू जास्त बोलते. फेंडरच्या बोल्टवरचा रंग पान्याने खरवडलेला आहे का, स्टेपनीच्या खड्ड्यात पत्रा सुरकुतलेला आहे का, पुढच्या चेसिस रेलवर (सांगाड्याच्या लांब तुळईवर) नवं वेल्डिंग आहे का? रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन असतो. २०० च्या वर पुन्हा रंगवलेला, आणि ५०० च्या वर खाली पुट्टी आहे. एक दार रंगवलेलं असणं क्षुल्लक आहे. चेसिस रेल किंवा छताचा खांब दुरुस्त केलेला असेल तर गाडी सोडा.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी मी कोणालाही घेऊ देत नाही, कितीही स्वस्त असली तरी. पाणी वायरिंगच्या कनेक्टरमध्ये राहतं आणि दोष महिन्यांनी, एकेक करून वर येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ बघा, पायाखालचा कार्पेट उचला, सीटच्या रुळांवर आणि पेडलच्या वरच्या भागावर गंज बघा, फ्यूज बॉक्सच्या टोकांवर हिरवट-पांढरी भुकटी आहे का तपासा. आत सुगंधाचा भडिमार असेल तर हे आधी करा.

एवढं होऊनही गाडी पसंत राहिली तर ती अशा मेकॅनिककडे न्या, ज्याला विकणाऱ्याशी काही देणंघेणं नाही. विकणारा याला नाही म्हणत असेल तर तुमचं उत्तर मिळालं. मेकॅनिकला "जरा बघून घ्या" म्हणू नका, नेमकं सांगा. गाडी लिफ्टवर चढवून खालून गळती, गंज, जॉइंटवरची फाटलेली रबरी आवरणं आणि ढिले जॉइंट दाखवायला सांगा. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट पाझरणं छोटं काम आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून ऑइल टपकत असेल तर मागचं सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. खाली सगळीकडे ताजा काळा कोट मारलेला असेल तर तो का मारला, तेही शोधायला सांगा. धूर, ब्लो-बाय किंवा मिसिंगची (एखादा सिलिंडर नीट न पेटण्याची) शंका असेल तर कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घ्या. पेट्रोलमध्ये साधारण १० ते १४ बार, डिझेलमध्ये बहुधा २० च्या बराच वर असा आकडा येतो, पण आकड्याइतकाच सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो दहा-पंधरा टक्क्यांच्या आत हवा. एखादा सिलिंडर कमी आला तर त्यात थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

गाडी घेतलीत तर आधीच्या मालकाने कालच सर्व्हिस केली असं म्हटलं तरी इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारात नव्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. ओलावा शोषल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो, आणि लांबच्या उतारावर ते उकळलं की पेडल खाली जातं. पहिलं ऑइल स्वच्छ भांड्यात काढायला सांगा आणि जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून बघा. बारीक काळा गाळ नेहमीचा. तांबूस किंवा चंदेरी चमकणारे कण दिसले तर बेअरिंग सोलवटत आहेत. तसं असेल तर लांबच्या प्रवासाला निघण्याआधी ऑइलचा दाब गेज लावून मोजून घ्या.